सासूबाईंच्या डावीकडून

गच्चीवरची टाकी रात्रभर वाहत राहिली, आणि सकाळी बास्केटबॉलचे कोच कुलूप काढून आत गेले तेव्हा कॉलेजच्या हॉलची लाकडी जमीन भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी फुगून वर आली होती. कोचनी सवयीने चेंडू एकदा आपटला. तो हाताशी परत यायच्या ऐवजी तिरका उडाला आणि दारातून बाहेर निघून गेला. त्याच्या मागोमाग कोचही बाहेर पडले आणि प्राचार्यांच्या खोलीबाहेर जाऊन बसले.

प्राचार्य वाईट बातमीही अभिनंदन केल्यासारखी सांगत. "दुरुस्ती तर करायचीच आहे," ते म्हणाले. "प्रश्न एवढाच, की दुरुस्त करून त्याचं करायचं काय. कमिटीचं म्हणणं, खुर्च्या ठोकून घेतल्या तर सुंदर सभागृह होईल."

"आणि टीम?"

"टीम आहे का अजून?" प्राचार्यांनी खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारलं.

हा टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला. गेल्या वर्षीपर्यंत कोचची आक्रमणाची सगळी रणनीती एका वाक्यात मावायची: चेंडू उंटाला द्या. उंट म्हणजे टीममधला एक भलता उंच मुलगा. तो बास्केटखाली उभा राही, बाकीचे चौघे त्याला चेंडू देत आणि मग कंबरेवर हात ठेवून बघत बसत. तो उंट यंदा पास होऊन गेला. त्याला एखाद्या विषयात अडकवता येईल का, हे कोचनी गणिताच्या बाईंना आडून आडून विचारूनही पाहिलं होतं. पण बाई तत्त्वाच्या निघाल्या.

"सुट्टी संपली की पहिली मॅच शेजारच्या कॉलेजशी आहे," प्राचार्य म्हणाले. "ती जिंका. म्हणजे कमिटीपुढे हॉलसाठी भांडायला मला तोंड राहील. हरलात तर खुर्च्यांची ऑर्डर जाईल."

कोच मान हलवून बाहेर आले. त्या हॉलमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये लाकडावर चेंडू आपटला की जो भरीव आवाज घुमतो, तो कानावर पडल्याशिवाय त्यांना दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे. तिथे आता ओळीने खुर्च्या ठोकणार होते.

घरी जेवताना त्यांनी मिठाची बाटली, दोन वाट्या, लोणी ठेवायचा डबा आणि स्वतःचा चष्मा असे पाच खेळाडू टेबलावर मांडले आणि उंटाशिवाय गुण कसे मिळावेत ह्याचा विचार करत बसले. कसंही फिरवलं तरी शेवटी चेंडू लोण्याच्या डब्याकडेच जात होता, कारण तो सगळ्यांत उंच होता.

"मीठ दे इकडे," बायको म्हणाली.

"थांब जरा, ते कट मारून आत येतंय."

"भाजी अळणी आहे, ते आधी इकडे येऊ दे." तिने बाटली उचलली आणि टीम चार जणांची झाली. "एवढा जीव जातोय तर मुलांना बोलावून सराव का नाही करत?"

"कुठे करू? हॉल फुगलाय, मैदानात नव्या पाइपसाठी चर खणलेत. दुसरीकडे विचारलं तर सुट्टीत सगळीकडे शिबिरं."

"आपलं पार्किंग दुपारी मोकळंच असतं की. सगळे गाड्या घेऊन कामावर जातात."

कोचचा घास हातातच राहिला. कल्पना नामी होती. तिच्यात एकच खोट होती. इमारतीच्या कमिटीच्या अध्यक्ष त्यांच्या सासूबाई होत्या, आणि त्यांचा फ्लॅट बरोबर पार्किंगच्या डोक्यावर होता.

सासूबाईंनी जावयाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. त्या कुणाचंही शांतपणे ऐकून घेत आणि मग स्वतःच्या मनातलं करत. "माझी काही हरकत नाही, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मुलं खेळली तर चांगलंच आहे. फक्त दुपारी मी जरा पडते. तेव्हा चेंडू जमिनीवर आपटायचा नाही."

"आई, हा खेळच आपटायचा आहे."

"मग दुसरा खेळा."

कोच मागच्या पावली परतले. पण जिना उतरता उतरता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या अंगी एक मोठा गुण होता. गळ्यात पडलेली गोष्ट ते पाचव्या पायरीपर्यंत सक्ती समजत आणि दहाव्या पायरीपर्यंत स्वतःची योजना. खाली जमलेल्या मुलांपुढे ते उभे राहिले ते छाती काढूनच.

"यंदा आपण ड्रिबल करणार नाही," त्यांनी जाहीर केलं. "चेंडू आपटत नेणं म्हणजे नुसता वेळकाढूपणा. चेंडू हातातून हातात जाईल. पाय चालवायचे, डोकं चालवायचं, पण जमिनीला चेंडू लावायचा नाही."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. कप्तान मुळात सरळ स्वभावाचा होता, त्यामुळे त्याला कप्तान केलं होतं. "सर, नियमात बसतं ना हे?" त्याने विचारलं.

"नियमात बसतं. बसत नाही ते फक्त आपल्या सवयीत."

हे वाक्य कोचना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते संध्याकाळी बायकोलाही ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी चष्म्याने घोळ केला. चष्मा म्हणून सगळे हाक मारत तो मुलगा हा टीममधला एकुलता एक नेमबाज. लांबून फेकलेला त्याचा चेंडू सुरेख कमान घेऊन बास्केटात पडे. त्याने हात मोकळा करावा म्हणून एक उंच फेक केली. पार्किंगचं छत काही कमान घेण्याइतकं उंच नव्हतं. चेंडू तुळईवर धाडकन आदळला, आणि वर सासूबाईंच्या खोलीत पलंगाखालची पेटी हादरली. थोड्याच वेळात जिन्यात चपलांचा आवाज आला. सगळी टीम एका जागी गोठली.

"खाली आपटायचा नाही म्हटलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"खाली नाही आपटला, आई. वर आपटला."

"माझ्या दृष्टीने ते खालीच झालं. वरही नको."

आता चेंडूला खाली जायला बंदी, वर जायला बंदी. राहिली ती मधली पट्टी, माणसाच्या छातीच्या आसपासची. कोचनी क्षणभर कपाळाला हात लावला आणि लगेच तोच हात केसांतून मागे नेऊन मुलांकडे वळले. "लांबून नेम धरणं बंद," ते म्हणाले. "नेमाचा काय भरवसा? आज लागतो, उद्या चुकतो. आपण अगदी बास्केटखाली घुसायचं आणि चेंडू फळीला टेकवून अलगद आत सोडायचा. झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवतात तसा."

"आणि मी?" चष्म्याने विचारलं. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"तूही ठेवायचं."

बास्केट नव्हतं, म्हणून पाण्याच्या पाइपला बादली बांधली. फळी म्हणून भिंतीशी सासूबाईंचीच जुनी गादी उभी केली, म्हणजे आवाज नको. बोलायचं तेही कुजबुजून. दुपारभर त्या पार्किंगमध्ये तगडी पोरं घामाघूम होऊन धावत आणि एकमेकांना "इकडे दे", "मागे बघ" असं आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं सांगत. तळमजल्यावरच्या घरात टपाल द्यायला आलेला एक माणूस हे दृश्य बघून टपाल न देताच परत गेला.

मग खांबांनी डोकं वर काढलं. पार्किंग म्हटलं की खांब आलेच. गोटी नावाचा एक बुटका, वाऱ्यासारखा पळणारा मुलगा होता. तो पहिल्याच आठवड्यात त्या सगळ्या खांबांशी एकेकदा आदळून झाला. त्याच्या कपाळावरचं टेंगूळ बघून कप्तानाने खांबांना नावं दिली, म्हणजे ओरडून सावध करता येईल, किंवा निदान कुजबुजून. पंपाजवळचा तो पंप, मीटरच्या पेटीचा तो मीटर, जिन्यालगतचा तो जिना. हळूहळू मुलं खांबांना चुकवायची सोडून वापरायला लागली. एके दिवशी गोटी आणि चष्मा दोन बाजूंनी आले, मीटरला वळसा घालून आरपार निघून गेले, आणि त्यांच्या पाठलागावर असलेली दोन मुलं खांबामागे एकमेकांवर आदळून खाली बसली. बादलीपाशी गोटी एकटाच उभा होता. त्याने चेंडू बादलीत ठेवला.

कोचना भरून आलं. इतकी वर्षं ते जे पुस्तकातून शिकवू पाहत होते, ते खांबाने एका दुपारी शिकवलं होतं. अर्थात मुलांना त्यांनी तसं सांगितलं नाही. "मी म्हटलं होतं ना," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं, आणि तेच सासूबाईंना सोसवेना. एका दुपारी त्या खुर्ची घेऊनच खाली आल्या.

"आई, आवाज होतोय का?" कोचनी घाबरून विचारलं.

"होत नाहीये, तेच तर. आत्ता आपटेल, मग आपटेल, म्हणून डोळा लागत नाही. त्यापेक्षा इथेच बसते. डोळ्यांसमोर असलात की जिवाला घोर नाही."

त्यांनी खुर्ची ठेवली ती पार्किंगच्या मधोमध, बादलीपासून थोडी अलीकडे. तिथे वारा लागतो, असं त्या म्हणाल्या. अध्यक्षांना बाजूला सरका म्हणण्याची टाप कुणाची? खेळ त्यांच्या भोवतीने वळला. त्यांच्या खुर्चीला धक्का लागता कामा नये, त्यांच्या डोक्यावरून चेंडू जाता कामा नये, आणि त्यांच्या समोर फार वेळ उभंही राहता कामा नये, कारण मग त्या अभ्यासाबद्दल विचारत. सुट्टी संपत आली तोवर टीमची सगळ्यांत खात्रीची चाल तयार झाली होती. तिचं नाव 'सासूबाईंच्या डावीकडून'. कप्तान जिन्याला वळसा घाली, चष्मा पंपाला, आणि ह्या गोंधळात गोटी सासूबाईंच्या डाव्या हाताने सटकून बादली गाठी. ती कधी म्हणून चुकली नाही.

मॅचच्या दिवशी टीम शेजारच्या कॉलेजच्या हॉलमध्ये शिरली आणि दारातच थबकली. चकचकीत जमीन, आभाळाएवढं छत, चहूकडे प्रेक्षक, आणि मध्ये काही म्हणजे काही नाही.

"सर," गोटी कुजबुजला, "केवढं मोकळं आहे हो."

इतके दिवस कोचनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त एकाचा केला नव्हता. बास्केटबॉलच्या कोर्टवर खांब नसतात.

पुढे जे व्हायचं तेच झालं. शिटी वाजली आणि त्यांची मुलं बाजारात हरवलेल्या पोरांसारखी इकडून तिकडे बघायला लागली. मीटर कुठे, पंप कुठे, वळसा कशाला घालायचा, काहीच कळेना. चष्म्याला भर कोर्टवर उघडं पडल्यासारखं वाटून त्याने दोन्ही हात छातीवर घेतले. चेंडू हातात आला की खाली आपटायची हिंमत होईना, वर फेकायला हात उठेना. समोरच्या टीमने गुणांचा सपाटा लावला. प्रेक्षकांत बसलेल्या प्राचार्यांनी मोबाइल काढून काहीतरी बघायला सुरुवात केली. ते खुर्च्यांचे नमुने बघत असणार, असं कोचना वाटलं.

त्यांनी टाइम-आउट घेतला. मुलं भोवती जमली. कप्तान म्हणाला, "सर, चुकवायला काहीच नाहीये. जायचं कसं पुढे?"

कोचनी कोर्टकडे पाहिलं. मग त्यांनी कप्तानाच्या खांद्यावर हात ठेवला. "फ्री थ्रोच्या रेषेची दोन टोकं दिसतात? डावीकडचं जिना. उजवीकडचं पंप. तो कोपऱ्यातला पट्टा, तो मीटर."

मुलांच्या चेहऱ्यांवर हळूहळू रंग आला.

"आणि त्या दोन टोकांमधला गोल?" गोटीने विचारलं.

"त्या सासूबाई."

"म्हणजे आत पाय नाही टाकायचा."

"प्राण गेला तरी नाही."

खऱ्या सासूबाई पहिल्या रांगेत लेकीशेजारी बसल्या होत्या. आपल्याला कोर्टवर जागा मिळाल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि शेजारच्या टीमला कळेनासं झालं की आपल्यापुढे हे काय चाललंय. समोरची पोरं काही नसलेल्या ठिकाणी वळसे घालत होती. नुसती घालत नव्हती, अगदी खांदा चोरून, कोपर आत घेऊन घालत होती. चेंडू आपटत नव्हता, त्यामुळे तो मधल्यामध्ये हिसकावता येत नव्हता. कुजबुज ऐकू येत नव्हती, त्यामुळे चाल कळत नव्हती. गोटी आणि चष्मा दोन बाजूंनी मीटरकडे धावले, एकमेकांना घासून पार झाले, आणि जिथे खांब नव्हता तिथे शेजारच्या टीमचे दोन धिप्पाड गडी समोरासमोर आदळले. दोघांनी एकमेकांची माफी मागेपर्यंत चेंडू बास्केटात गेला होता.

शेजारचे कोच तरुण होते, उमदे होते आणि बरंच वाचणारे होते. तेच त्यांना नडलं. त्या मधल्या गोलात समोरचा कुणीच पाय ठेवत नाही, हे त्यांनी हेरलं आणि तिथेच काहीतरी डाव शिजतोय अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी आपला सगळ्यांत उंच खेळाडू त्या गोलात राखणीला उभा केला. तो बिचारा तिथे कुणीही न येणाऱ्या दारावर पहारा देत राहिला, आणि बाकीचे त्याच्या दोन्ही अंगांनी ये-जा करत राहिले.

बघता बघता गुण जवळ आले. शेवटचे काही क्षण राहिले तेव्हा कोचची टीम एकाच गुणाने मागे होती आणि चेंडू कप्तानाच्या हातात होता. हॉलमध्ये असा काही कल्ला चालला होता की कानाला तोंड लावलं तरी ऐकू येऊ नये. कप्तानाने चाल कुजबुजून सांगितली. कुणाला ऐकू गेली नाही. त्याने पुन्हा कुजबुजली. गोटीने हातानेच 'काय?' असं विचारलं. कप्तानाने बाकाकडे पाहिलं. तिथे कोच दोन्ही हातांनी 'ओरड, ओरड' अशा खुणा करत होते. मग अख्ख्या सुट्टीत दाबून ठेवलेला आवाज त्या सरळमार्गी मुलाच्या गळ्यातून एकदम बाहेर पडला.

"सासूबाईंच्या डावीकडून!"

सगळा हॉल क्षणभर चिडीचूप झाला. पहिल्या रांगेत सासूबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. "काय झालं? मी इथे आहे," त्या म्हणाल्या. त्या शांततेत ते सगळ्यांनी ऐकलं. गोलातल्या उंच पहारेकऱ्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, कारण कुणीही पाहिलंच असतं. तेवढ्यात गोटी त्याच्या डाव्या हाताने निसटला, त्याने उडी मारून फळीला चेंडू टेकवला आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तसा आत सोडून दिला. शिटी वाजली.

कोचना मुलांनी खांद्यावर घेतलं. बायको रडत होती, सासूबाई मला कुणी हाक मारली ते आधी सांगा म्हणत होत्या, आणि कोचच्या कानात सगळ्या गलक्यातून एकच आवाज घुमत होता, लाकडावर आपटणाऱ्या चेंडूचा. हॉल वाचला होता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी त्यांना पेढ्यांऐवजी दोन्ही हात पुढे करून आलिंगन दिलं. त्यांच्या टेबलावर खुर्च्यांच्या कापडाचे तुकडे पसरलेले होते.

"हे काय?" कोचनी विचारलं.

"निळा बरा वाटतो का मरून?"

"सर, आपण जिंकलो."

"जिंकलो म्हणजे काय, नाव काढलंत कॉलेजचं. मी काल संध्याकाळीच कमिटीपुढे गेलो आणि तुमच्यासाठी अक्षरशः भांडलो. म्हटलं, अशा टीमला हॉल हवाच. तर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. हॉल होता तेव्हा ही टीम कशी खेळायची?"

कोचनी कापडाचा एक तुकडा उचलून परत ठेवला.

"आणि हॉल नव्हता तेव्हा कशी खेळली?" प्राचार्यांनी हात पसरले. "मला उत्तर सुचेना हो. तुम्हाला सुचतंय?"

कोच खोलीबाहेर आले. हरले असते तर हॉल गेला असता. जिंकले, तर अधिकच थाटामाटात गेला. त्यांनी मुलांना ही बातमी पार्किंगमध्ये दिली, तेव्हा त्यांना वाटलं होतं मुलं हळहळतील. मुलांनी सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं सर," गोटी म्हणाला. "तिथे काही धरायला, लपायला नसतं." त्या दिवशी कोच पहिल्यांदाच सराव अर्ध्यावर टाकून वर घरी गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सभागृहाच्या उद्घाटनाला वक्ता म्हणून कमिटीने एकमताने त्यांचंच नाव काढलं. विषय होता 'साधनांवाचून यश'. बायकोने इस्त्री केलेला सदरा पुढे केला. "जा," ती म्हणाली. "निदान शेवटचं बघून तरी ये."

जिथे बास्केट होतं तिथे आता व्यासपीठ होतं. जिथे मधली रेषा होती तिथून मरून खुर्च्यांच्या रांगा सुरू होत होत्या. कोच बोलले, काय बोलले ते त्यांना आठवत नाही. पार्किंग, खांब, सासूबाई असं काहीबाही बोलले. लोक जागोजागी टाळ्या देत होते, आणि प्रत्येक टाळीबरोबर त्या खुर्च्या जमिनीत अधिक घट्ट रुतत आहेत असं त्यांना वाटत होतं.

भाषण संपलं आणि पाहुण्यांच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्या शेजारच्या कॉलेजच्या प्राचार्य होत्या, आणि त्यांच्या बाजूला त्यांचे तरुण कोच बसले होते. "फारच बोलकं उदाहरण आहे," बाई म्हणाल्या. "मला फक्त एवढं विचारायचंय. आमचा हॉल अजून चालू आहे. तो बंद केला, तर आमचीही टीम अशीच जिंकायला लागेल का?"

शेजारच्या कोचचा चेहरा पांढराफटक पडला. तो चेहरा आमच्या कोचच्या फार ओळखीचा होता. सुट्टीभर दाढी करताना तो रोज आरशात दिसत असे. आमचे प्राचार्य उत्तरासाठी कौतुकाने त्यांच्याकडे बघत होते. 'हो' म्हणावं तर एका भल्या माणसाचा हॉल जाणार. 'नाही' म्हणावं तर आत्ताच झालेलं सगळं भाषण फोल.

"लागेल ना, मॅडम," कोच म्हणाले. "नुसता हॉल बंद करून मात्र भागत नाही. ह्या पद्धतीत सगळं सासूबाईंवर उभं असतं. कोचना सासूबाई हव्यात, आणि त्या स्वभावाने कडक हव्यात. त्या नसतील तर हॉल अजिबात बंद करू नये. टीम खलास होईल."

पहिल्या रांगेत त्यांच्या सासूबाईंनी पदर सारखा केला आणि प्रसन्नपणे मान हलवली.

शेजारचे कोच झटकन उभे राहिले. "मॅडम, माझं लग्न झालेलं नाही," ते म्हणाले. लग्न न झाल्याचं इतक्या कृतज्ञतेने कुणी सांगितलेलं त्या सभागृहात कुणी ऐकलं नसेल.

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि विचारात पडून खाली बसल्या.

कार्यक्रम संपल्यावर शेजारच्या कोचनी आमच्या कोचना जिन्यात गाठलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचे उपकार कसे फेडू, तेच कळत नाही," ते म्हणाले. "आमचा हॉल सकाळी लवकर रिकामा असतो. किल्ली माझ्याकडेच असते, ही घ्या. तुम्ही या. एकटे या, टीमला घेऊन या. कुणाला सांगायचं कारण नाही."

"चेंडू आपटला तर चालेल?" कोचनी कसंबसं विचारलं.

"हवा तेवढा आपटा."

दुसऱ्याच दिवशी उजाडताना कोच ती किल्ली घेऊन एकटेच गेले. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी चेंडू खाली सोडला, आणि तो भरीव आवाज भिंतींना लागून परत आला. त्यांनी पुन्हा आपटला, पुन्हा आपटला. मग छताकडे एक उंच, निरर्थक फेक केली आणि ती खाली येईपर्यंत नुसते बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. मागे दार वाजलं. शेजारचे कोच आत येत होते, पण कालचा आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता.

"काय झालं?" कोचनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही खेळा." ते भिंतीला टेकून खाली बसले. "आमच्या मॅडमनी रात्री फोन केला होता. त्यांच्या मावसबहिणीची मुलगी आहे म्हणे लग्नाची. मुलीबद्दल त्यांनी फारसं काही सांगितलं नाही. मुलीच्या आईबद्दल मात्र बराच वेळ सांगत होत्या."